नॅरोबोटची सुट्टी आणि लॉकची कामं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या नॅरोबोटच्या (कॅनॉलवर चालणारी लांब, अरुंद बोट, राहायचं पण तिच्यातच) सुट्टीवर छोटासा लेख आला आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. बडोद्यातल्या मराठी घरांमधे कोणाचा ना कोणाचा मुलगा, जावई, भाची लेस्टरला नाहीतर लंडनला असतेच, त्यामुळे मे महिन्यात तिकडे जायचंय, लंडनचं म्युझियम वगैरे सगळं बघून झालंय, आता हे करूया का, असं बरेच जण विचारतायत. करा, नक्की करा, मी स्वतः घरच्यांबरोबर अशा बोटीवर राहून आलेय म्हणून मनापासून सांगते. फक्त लॉकचं काम नीट समजून घेऊन जा, म्हणून आजची बरीचशी जागा लॉकलाच दिलीय.

प्रश्न : ताई, आम्ही दांडिया बाजारचे. मुलगा लेस्टरला आहे, तो म्हणतो बोट आपणच चालवायची, ड्रायव्हर नसतो. लायसन्स लागत नाही हे खरं का? आणि लॉक म्हणजे नेमकं काय, तिथे कोणी माणूस असतो की तेही आपणच उघडायचं?

काका, मुलगा बरोबर सांगतोय. भाड्याची नॅरोबोट तिकडच्या कॅनॉलवर चालवायला आपल्याला लायसन्स लागत नाही, बोट ताब्यात घेताना कंपनीचा माणूस सगळं दाखवतो, थोडं अंतर बरोबर येऊन चालवून पण घेतो. बहुतेक कॅनॉलवर स्पीड लिमिट ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, आणि काठाला बांधलेल्या बोटी आल्या की त्याहूनही हळू. बोट जेमतेम ७ फूट रुंद आणि लांबीला ७० फुटांपर्यंत असते कारण जुनी लॉक्सच त्या मापाची बांधलेली आहेत. मागे उभं राहून टिलर नावाच्या दांड्याने वळवायची, दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे जातं, सुरवातीला बोट नागमोडी जाते, मग हात बसतो. ब्रेक नाही, रिव्हर्स टाकून थांबवायची, आणि रिव्हर्समधे ती टिलरचं फारसं ऐकत नाही म्हणून लांबूनच हळू करत यायचं. समोरून बोट आली की आपण उजवीकडे सरायचं, आपल्याला रस्त्यावर डावीकडून जायची सवय आहे तर हे आधीच डोक्यात पक्कं करा.

आता लॉक. दोन्ही टोकांना दारं असलेला विटा-दगडांचा लांबट हौद, झालं. कॅनॉलचं पाणी नदीसारखं उतारावरून वाहत नाही, ते टप्प्याटप्प्याने सपाट साठवलेलं असतं, एक टप्पा वर, एक खाली, आणि दोघांच्या मधे हा हौद. वर जायचं असेल तर हौद रिकामा करून आत शिरायचं, मागची दारं लावायची, वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं, हौद भरला की बोट आपसूक वर येते, पुढचं दार उघडून निघायचं. खाली जाताना उलटं. पंप नाही, वीज नाही, सगळं पाणी आपल्या वजनाने जातं येतं. बहुतेक ठिकाणी माणूस नसतो, आपणच करायचं, मोठ्या ठिकाणी सीझनमधे लॉककीपर किंवा व्हॉलंटियर असतात आणि ते फार प्रेमाने मदत करतात.

पाणी सोडायच्या झडपेला पॅडल म्हणतात (काही दारातच असतात, काही काठाच्या जमिनीत), आणि ती फिरवायला विंडलास नावाचं एल आकाराचं लोखंडी हँडल असतं ते बोटीबरोबर मिळतं. हे हँडल चौकोनी दांड्यावर बसवून फिरवलं की पॅडल वर येतं आणि खिटी पडून तिथेच अडकतं. खिटी नीट बसली हे डोळ्यांनी बघायचं आणि हँडल लगेच काढून हातात घ्यायचं. ते दांड्यावर तसंच सोडलं आणि खिटी सुटली तर पॅडलच्या वजनाने हँडल गरागरा फिरतं, मनगट मोडायला तेवढं पुरे, किंवा उडून पाण्यात जातं. खाली सोडताना पण खिटी उचलून हळूहळू हाताने उतरवायचं, धाडकन सोडायचं नाही.

आणि वर जाताना पॅडल एकदम पूर्ण उघडू नका. आधी जमिनीतलं पॅडल अर्धं, बोट कशी हलतेय ते बघा, ती पुढे-मागे ओढली जाते, स्थिर झाली की पूर्ण उघडा, आणि दारातल्या पॅडलला तर त्याची तोंडं पाण्याखाली गेल्याशिवाय हातच लावायचा नाही, नाहीतर दारातून येणारा लोंढा थेट बोटीच्या पुढच्या भागात. त्याआधी मागची पॅडल्स बंद आहेत का हे एकाने जाऊन बघून यायचं, नाहीतर एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून रिकामं होतंय असं चालू राहतं. दार उघडायला मोठा लाकडी दांडा असतो, त्याला पाठ टेकून पायाने रेटायचं, पण दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत ते दार कोणाच्या बापाला हलत नाही, जोर लावून कंबर धरून बसू नका, थांबा.

खाली उतरतानाची गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचाच. वरच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाण्याखाली, एक दगडी पायरी असते तिला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना ती दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचा मागचा भाग त्या पायरीवर राहिला तर मागचं टोक वर अडकतं, पुढचं खाली जातं, आणि बोट बघता बघता पाणी भरून बुडू शकते. अशा बोटी खरंच बुडाल्यात. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, ती पायरी कुठे संपते ते दाखवायला, तर बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत टिलरवरच्या माणसाने दुसरं काही करायचं नाही, फोटो नाही, चहा नाही. दोरी पण घट्ट बांधायची नाही, पाणी उतरलं की बोट दोरीला लटकेल. काही अडकलंय असं वाटलं तर जो बघेल त्याने मोठ्याने ओरडायचं, पॅडलवाल्याने काही न विचारता खालची पॅडल्स लगेच बंद करायची आणि मग वरून हळूहळू पाणी भरायचं. काका, तुमच्या घरात हा एक ओरडायचा शब्द आधीच ठरवून ठेवा, "बंद कर" चालेल.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात, वय झालंय, पण मुलगी म्हणते आई तू पण चल. मी बोटीवर नुसती बसून राहिले तर चालेल का, की मला पण दारं ढकलायला लावतील? (मांजलपूर)

आजी, नुसतं बसलात तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही. आत उतरायला दोन-तीन उंच पायऱ्या असतात तेवढा विचार करा, आणि काठाला लागताना बोट पूर्ण थांबल्याशिवाय उडी मारायची नाही हे तर सगळ्यांनाच लागू. मुलीला मात्र सांगा की लॉक नसलेला रूट निवड. लेस्टरच्या दक्षिणेला फॉक्सटन आहे, तिथे १० लॉक्स आहेत, पाच-पाचच्या दोन जिना-रांगा, रांगेत एकाला लागून एक, सगळा मिळून ७५ फूट चढ. त्या चढून वर गेलात किंवा वरूनच बोट घेतलीत की पुढे वॉटफर्डच्या लॉक्सपर्यंत साधारण २० मैल एकही लॉक नाही, शेतं, मेंढरं, दोन बोगदे, आणि तुम्ही पुढच्या डेकवर खुर्ची टाकून शाल घेऊन बसा. (हे वॉटफर्ड नॉर्थॅम्प्टनशायरमधलं, लंडनजवळचं नव्हे, बुकिंग करताना बघा.) फॉक्सटनला लॉककीपर असतात आणि त्यांना सांगितल्याशिवाय आत शिरायचंच नाही. तिथे लाल आणि पांढरी अशी पॅडल्स रंगवलीत, लाल आधी, पांढरं नंतर, कारण जिना-रांगेत एका हौदाचं पुढचं दार तेच दुसऱ्याचं मागचं दार असतं, क्रम चुकला तर पाणी नको तिथे जातं.

लंडनला मुलगी असेल तर कॅमडेनपासून लिटल व्हेनिस, अल्पर्टन असं करत काउलीपर्यंत एकही लॉक लागत नाही. अल्पर्टनला कॅनॉलपासून थोडं चाललं की ईलिंग रोड, तिथे गुजराती दुकानं आहेत, भाजी-मसाला सगळं मिळतं. कोथिंबिरीची जुडी आणि भेंडी घेऊन बोटीवर परत आलात की बडोद्यात असल्यासारखंच वाटेल.

प्रश्न : आम्हाला आठवडा आहे, सहा जण आहोत, चार चांगले धडधाकट. जास्तीत जास्त किती फिरून होईल? आम्हाला एक मोठी रिंग, म्हणजे फिरून परत निघालो तिथेच येणारी गोल फेरी, करायची आहे. (अलकापुरी)

धडधाकट आहात हे चांगलंय, पण मोठी रिंग पहिल्याच वेळी करू नका, हे माझं स्पष्ट मत. हिशोब असा करतात, मैल आणि लॉक्स यांची बेरीज करायची आणि त्याला ३ ने भागायचं, तेवढे तास. म्हणजे १२ मैल आणि ९ लॉक्स असतील तर ७ तास, आणि त्यात पाणी भरणं, दुकान, जेवण काहीच धरलेलं नाही. फोर काउंटीज रिंग ११० मैल आणि ९४ लॉक्सची आहे, ती आठवड्यात करतात लोक, पण बेरीज करून बघा, रोज दहा तासाच्या जवळ जातं, आणि मग तिसऱ्या दिवशी घरात भांडणं सुरू होतात आणि लॉकला घाई व्हायला लागते. घाईतच खिटी नीट बसत नाही, घाईतच सिल विसरलं जातं. दिवसाला चार-पाच तास धरा, बाकी वेळ काठावर चाला, एखाद्या गावात जाऊन बसा.

तुमच्यासाठी मी लँगोलन कॅनॉल सुचवते. वेल्समधे ट्रेव्हरहून बोट घेतलीत तर पाँटकसल्ट्याचा पूल अगदी शेजारीच. कॅनॉल पुलावरून जातो, म्हणजे बोट पुलावरून जाते, खाली ३८ मीटरवर डी नदी. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी केलेलं काम, १८०५ ला बोटींना खुलं झालं, लांबी ३०७ मीटर, २००९ मधे युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, लोखंडी पन्हळीची कड पाण्याच्या जरा वर येऊन संपते आणि पुढे सगळी हवा. बोटीच्या त्या बाजूच्या खिडकीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. छतावर कोणी नको, मुलं आत. तिथून दक्षिणेला चर्कचा पूल आणि बोगदा, मग न्यू मार्टनची दोन लॉक्स, शिकायला अगदी योग्य, मग एल्समियरची तळी. लँगोलन गावाकडे जाणारा भाग अरुंद आहे, काही ठिकाणी एकच बोट मावते, तिथे एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं आणि समोरून कोणी येतंय का ते कळवायचं. तुम्ही सहा जण आहात, त्यामुळे ते काम सोपं आहे. आणि लॉकला कामं वाटून घ्या, एक टिलरवर, दोघं पॅडलवर, एक दारावर, आणि पॅडलवाल्यांनी टिलरवाल्याचा हात वर झाल्याशिवाय काही उघडायचं नाही.

प्रश्न : जेवणाखाण्याचं, बाथरूमचं, मोबाईल चार्जिंगचं काय? आम्ही पक्के शाकाहारी. (रावपुरा)

बोटीवर गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रिज, शॉवर, टॉयलेट, गरम पाणी सगळं असतं, कुकर मात्र आपला न्या किंवा तिकडच्या नातेवाईकांचा घ्या. थेपले, सुकी भाकरी, मेतकूट, गोडा मसाला न्यायला हरकत नाही, पण दूध-दुधाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, तर पेढे, तूप, श्रीखंड घरीच ठेवा आणि लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर घ्या, तिथे सगळं मिळतं. पाण्याची टाकी रोज भरायची सवय लावा, ठराविक ठिकाणी नळ असतात, होज पाइप बोटीत असतो, टाकी भरायला बराच वेळ जातो तेव्हा तिथेच स्वयंपाक उरका. टॉयलेट दोन प्रकारचं, एकात खालचा डबा काढून नेऊन ठराविक ठिकाणी ओतायचा, दुसऱ्यात मोठी टाकी असते ती पंपाने उपसून घेतात, बुक करताना विचारा कारण डबा ओतायचं काम घरात कोणी करायचं यावर फार चर्चा होते, दुसरा प्रकार असेल तर आठवडाभर बघायला नको. फोन चार्जिंग इंजिन चालू असताना करा, बॅटऱ्या त्यावरच भरतात. रात्री ८ ते सकाळी ८ काठाला उभं राहून इंजिन चालवायचं नाही, शेजारच्या बोटीत लोक कायमचे राहत असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, पहिल्याच रात्री त्याचं टेस्ट बटण दाबून बघा, आणि थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्या टॉवेलने बंद करू नका, हे कृपा करून लक्षात ठेवा.

प्रश्न : ७ आणि १० वर्षांची मुलं आहेत. न्यावीत का?

न्यावीत. लाइफ जॅकेट कंपनीकडे आधी मागून ठेवा आणि बाहेर असताना अंगावर हवंच. कॅनॉल साधारण छातीएवढा खोल पण लॉक खोल असतं, तिथे काठावर पळापळ अजिबात नको. पूल किंवा लॉक येतंय आणि बोट भिंतीला लागतेय असं दिसलं की मुलं, मोठी माणसं सुद्धा, हात-पाय बाहेर काढून ढकलायला जातात, ६० फुटी बोट १५ टनांच्या वर असते, हात चिरडून जातो. बोट लागली तर लागू द्या, लोखंडी आहे. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर टिलर जरूर धरू द्या.

प्रश्न : ताई, छाणीकडून जाताना आपला नर्मदेचा कॅनॉल दिसतो, एवढा रुंद, एवढं पाणी, मग आपल्याकडे असं बोटीने का नाही जाता येत?

फार चांगला प्रश्न आहे. आपला नर्मदा मुख्य कालवा गुजरातमधे ४५८ किलोमीटर जातो, पार राजस्थानच्या सीमेपर्यंत, पण तो पाणी पोचवण्यासाठी बांधलाय, शेतीला आणि प्यायला. त्यातलं पाणी सतत वाहतं, मधे मधे दरवाजे आहेत ते पाण्याची पातळी आणि प्रवाह राखायला, बोट चढवा-उतरवायला नाहीत, आणि काँक्रीटचे उतरते काठ इतके गुळगुळीत की पडलेल्या माणसाला वर यायला हाताला काही लागत नाही. म्हणून तिथे पोहायला किंवा पाय बुडवायला सुद्धा जाऊ नका, दर उन्हाळ्यात वाईट बातम्या येतात.

इंग्लंडचे कॅनॉल माल वाहायला खणले. १७६१ मधे ब्रिजवॉटर कॅनॉलने खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे यायला लागला, काठावरून घोडा चालायचा आणि दोरीने बोट ओढायचा, खडबडीत रस्त्यावर घोड्याला जेवढं ओढता येतं त्याच्या कितीतरी पट माल साठलेल्या पाण्यात एकच घोडा ओढतो. त्या घोड्याची वाट अजून तशीच आहे, आता तिच्यावर लोक चालतात, सायकल चालवतात, आणि आपण बोट बांधतो ती पण त्याच बाजूला. मग रेल्वे आली, ट्रक आले, धंदा गेला, कितीतरी कॅनॉल बुजायला आले होते, ते हौशी लोकांनी वर्षानुवर्षं गाळ काढून, भांडून वाचवले. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले साधारण २००० मैल कॅनॉल-नद्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. गंमत म्हणजे वर सांगितलेला लँगोलन कॅनॉल वाचला तो पाण्यामुळेच, त्यातून हर्लस्टनच्या तलावात प्यायचं पाणी जातं, म्हणून तो बुजू दिला नाही, आणि म्हणूनच त्या एका कॅनॉलला प्रवाह जाणवतो, लँगोलनकडे जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी.

प्रश्न : मे मधे जावं की जून मधे? पाऊस असतो का? (गोत्री)

मे चा शेवट चांगला, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, आपल्याकडे ४२ डिग्री असतं तेव्हा तिकडे सकाळी स्वेटर लागतो. पाऊस कधीही येतो आणि टिलरवरचा माणूस उघड्यावरच उभा असतो, तर रेनकोट, पॅंट सुद्धा पावसाळी, आणि पकड असलेले बूट, चपला घालून लॉकवर जायचं नाही. पाऊस कमी झाला तर वेगळी अडचण असते, एका नॅरो लॉकला प्रत्येक वेळी साधारण २५ हजार गॅलन, म्हणजे लाख लिटरच्या वर पाणी वरून खाली जातं, ते वरच्या तलावांतून येतं. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तरेकडची बरीच लॉक्स बंद ठेवायला लागली होती. म्हणून निघायच्या आठवड्यात ट्रस्टच्या वेबसाइटवर आपल्या रूटच्या नोटिसा बघा. आणि लॉकला पोचलात, हौद तुमच्या उलट्या पातळीला आहे, आणि समोरून दुसरी बोट येताना दिसतेय, तर थांबा, आधी त्यांना येऊ द्या, त्यांच्या येण्याने हौद तुमच्यासाठी तयार होतो आणि एक पूर्ण हौद पाणी वाचतं. निघताना दारं लावून, पॅडल्स खाली आहेत का हे बघूनच पुढे जायचं, समोरची बोट दारं उघडी ठेवा म्हणाली तरच ठेवायची.

व्हिसाला साधारण तीन आठवडे धरतात पण सुट्टीच्या सीझनमधे अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात तिकडच्या शाळांना पण सुट्टी असते त्यामुळे बोटी लवकर जातात. मुलांच्या परीक्षेची वाट बघत बसू नका, बोट दिवाळीनंतर लगेच बुक करा.